आंब्याचा बाठा, साल आणि काजूचें बोंड : ढिगांतून वांचवावयाचें अन्न

उन्हाळ्याच्या शेवटच्या दीड-दोन महिन्यांत रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील कॅनिंगच्या कारखान्यांत आंब्याची जी आवक सुरू होते, ती मृग लागेपर्यंत टिकते. पेटींतून मुंबई-पुण्यास जाणारें फळ निराळें व कारखान्याकडे किलोच्या भावानें जाणारें फळ निराळें, हें आपल्या बागाईतदारांस सांगावयास नको. डागी, लहान किंवा फार पिकलेलें असें जें फळ पेटींत बसत नाहीं, त्याचा रस होऊन तो डब्यांत भरला जातो. रसाच्या भावाची चर्चा प्रत्येक हंगामांत होते. परंतु त्याच कारखान्याच्या मागील अंगास जो ढीग पडतो, त्याच्याकडे गाडी भरून तो लांब नेऊन टाकण्यापलीकडे सहसा कोणी पाहत नाहीं.

हा ढीग लहान नसतो. एक हजार किलो आंबा कारखान्यांत शिरला, तर त्याचें एक तृतीयांश, आणि फळ बारीक व जाड सालीचें असल्यास जवळजवळ निम्में वजन साल, बाठा व रेषा या रूपानें बाहेर पडतें. बागाईतदारानें या वजनासहि खत घातलें, त्यावर फवारणी केली, त्याची तोडणावळ दिली, गाडीभाडें दिलें. पैसा मात्र येतो तो रसाचा. तेव्हां या दुसऱ्या हिश्शांतून माणसाच्या खाण्यांत काय परत आणतां येईल, कोणत्या रीतीनें आणतां येईल, आणि कोठें थांबावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. थांबण्याचा मुद्दा आम्हीं जाणूनबुजून घातला आहे. या विषयावर उत्साहानें बोलणारे पुष्कळ आढळतात. पण या मालांतून माणसें दगावल्याचीं उदाहरणेंहि आपल्याच देशांत ताजीं आहेत, तीं ते सांगत नाहींत.

जुनें उदाहरण : कोकमाची बी

फळाच्या उरलेल्या भागाचें अन्न करणें ही कल्पना कोकणास नवी नाहीं. रातांब्यांचीं आमसुलें घालतांना ज्या बिया निघतात, त्या टाकून देण्याची रीत जुन्या घरांतून नव्हती. बिया धुऊन खडखडीत वाळवावयाच्या, टरफल काढून आंतील मगज कुटावयाचा, तो कूट पाण्यांत शिजवावयाचा, वर जो स्निग्धांश तरंगतो तो काढून घेऊन निववावयाचा आणि घट्ट होत आला कीं त्याचे गोळे वळून ठेवावयाचे. कोठें त्यास मुठेल म्हणतात, कोठें भिरंडेल. थंडींत पायांच्या भेगांस लावण्याचें औषध, एवढीच त्याची ओळख आतां कित्येक घरांत उरली आहे. परंतु तें मूळचें खाण्याचें तूप आहे. वाळलेल्या बियांच्या वजनाचा सुमारें चौथा हिस्सा स्निग्धांश असतो व तो चाळीस अंशांच्या आसपास वितळतो, म्हणून आपल्या उन्हाळ्यांतहि सावलींत घट्ट राहतो. या गुणास बाहेर किंमत आहे. यूरोपीय संघाच्या २००० सालच्या चॉकोलेटविषयक निर्बंधांत, कोकोच्या लोण्याखेरीज शेंकडा पांच भागांपर्यंत ज्या सहा वनस्पतिज स्निग्धांस मुभा दिली आहे, त्यांत कोकमाचें नांव आहे. आणि आंब्याच्या मगजाचेंहि आहे. त्याकडे पुढें वळूं.

फणसाच्या आठळ्यांविषयीं अधिक लिहिण्याचें कारण नाहीं. त्या भाजून, उकडून, भाजींत घालून आपण खातोंच; फणसाचे गरे डब्यांत भरणाऱ्यांनीं त्या फेंकूं नयेत एवढेंच सांगणें पुरे.

या दोन्ही जुन्या उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. बी फळांतून निघतांच ती निराळी ठेवली जाई, धुतली जाई व वाळत पडे. ती ढिगांत कधीं गेलीच नाहीं. कारखान्यांतील बाठा व साल यांचें दुर्दैव असें कीं, तीं यंत्रांतून सुटल्याबरोबर सडक्या फळांशीं, धुण्याच्या पाण्याशीं व केरकचऱ्याशीं मिसळतात. त्या उन्हांत कांहीं तासांतच ढीग आंबूं लागतो, माशा बसतात, व पुढच्या एक-दोन दिवसांत बुरशी दिसूं लागते. तेथून पुढें तें अन्न नव्हे. त्याचें खत करावें. ढिगावरून उचलून अन्न करतां येत नाहीं. ढिगावर जाऊं न देणें यांतच या उद्योगाचें सगळें कसब आहे, आणि पुढें ज्या ज्या कृती सांगितल्या आहेत त्या याच एका गोष्टीच्या निरनिराळ्या तऱ्हा आहेत.

बाठ्यांतील मगज

बोलण्यांत कोय हा शब्द दोन अर्थांनीं वापरतात. या लेखांत बाठा म्हणजे रेषांसह सबंध कठीण कोय, आणि मगज म्हणजे ती फोडल्यावर आंत मिळणारा पांढरट दाणा, असे शब्द योजिले आहेत. रायवळ आंब्याच्या ताज्या बाठ्यास कोयकलमें करणाऱ्या रोपवाटिकांचें गिऱ्हाईक असतें. ज्यास तें मिळेल त्यानें खुशाल विकावा. इतका सोपा पैसा दुसऱ्या कोणत्याहि रीतीनें मिळणार नाहीं. प्रश्न उरतो तो गिऱ्हाईक भागल्यावर राहणाऱ्या बाठ्यांचा.

पूर्ण वाळविलेल्या मगजांत निम्म्याहून अधिक भाग पिष्टमय पदार्थ असतो. प्रथिन शेंकडा सहा-सात भाग, व स्निग्धांश जातीप्रमाणें सात-आठपासून बारा-पंधरा भागांपर्यंत. म्हणजे प्रथिनाच्या बाबतींत हा मगज तांदळाच्या तोडीचा झाला, गव्हाहून उणा झाला. त्याचें प्रथिन थोडें असलें तरी जातीनें चांगलें असून लायसिन नांवाचा जो घटक गहू-ज्वारींत कमी पडतो, तो त्यांत बरा असतो. स्निग्धांश मात्र तांदळाहून कितीतरी अधिक. अशा रीतीनें पाहतां हें वाईट धान्य नव्हे. परंतु त्यास पौष्टिकतेचा चमत्कार म्हणण्यासारखेंहि त्यांत कांहीं नाहीं. धान्यास जोड देणारें एक पीठ, इतकेंच त्याचें योग्य वर्णन होईल.

त्यास दोन खोडी आहेत. पहिली, टॅनिन नांवाचें तुरट द्रव्य. त्यामुळें जीभ आखडते हें तर झालेंच. पण तें पोटांत प्रथिनास व अन्नांतील लोहास बांधून ठेवतें, म्हणून कच्च्या मगजाचें पीठ खाणाऱ्यास कागदावर दिसणारें पोषण पदरांत पडत नाहीं. ही खोडी पाण्यानें काढतां येते. दुसरी खोडी बुरशीची, आणि ती पाण्यानेंहि जात नाहीं आणि विस्तवानेंहि जात नाहीं.

ओडिशांतील डोंगराळ भागांत आंब्याचा मगज हें जुनें तुटवड्याच्या दिवसांतलें अन्न आहे. तेथील आदिवासी कुटुंबें उन्हाळ्यांत बाठे गोळा करतात, मगज काढून वाळवितात, तुरटपणा जाण्यासाठीं पाण्यांत ठेवतात, आणि पावसाळ्यांत घरांतील धान्य संपलें कीं त्याची पेज करतात. २००१ सालीं रायगडा जिल्ह्यांतील काशीपूर भागांत अशा मगजावर दिवस काढणाऱ्या अनेकांचे मृत्यू झाले. त्या वेळीं भूकबळी कीं विषबाधा, हा मोठा वाद देशभर माजला. २०२४ सालच्या अखेरीस कंधमाल जिल्ह्यांत मगजाची पेज खाल्ल्यावर स्त्रिया दगावल्या व इतर माणसें आजारी पडलीं. दोन्ही वेळां बोट दाखविलें गेलें तें पावसाळ्यांत ओलावलेल्या व बुरशी धरलेल्या मगजाकडे. आमच्या मतें भूक कीं विष हा वाद फारसा अर्थाचा नाहीं. ज्याच्या घरीं दुसरें धान्य आहे तो बुरशीचा मगज फेंकून देतो. ज्याच्या घरीं नाहीं तो धुऊन खातो. कांहीं बुरशा जें विष निर्माण करतात तें साध्या उकळण्यानें नाहींसें होत नाहीं, आणि बुरशी पुसून काढली तरी विष आंत राहतें. हें ध्यानांत धरलें म्हणजे पुढील कृतींत वाळविण्यावर इतका भर कां दिला आहे तें कळेल. कोकणांतला पावसाळी दमटपणा ओडिशाच्या डोंगरांहून कमी नाहीं.

कृति अशी. यंत्रांतून पडणारे बाठे स्वच्छ टोपल्यांत किंवा क्रेटमध्यें झेलावे, जमिनीवर पडूं देऊं नयेत. त्याच पाळींत ते भरपूर पाण्यानें धुऊन त्यांस चिकटलेला रस काढावा. रस राहिला तर आंबतो व बुरशीस तेंच पहिलें खाद्य होतें. मग बाठे एका थरानें जाळीवर पसरावे. रास करूं नये. एक-दोन दिवसांच्या कडक उन्हानें वरचें कवच कोरडें व ठिसूळ होतें, मग कोयत्यानें किंवा फोडणीयंत्रानें फोडून मगज काढावा. येथें निवड करणारीं माणसें चोख पाहिजेत. भुंगा लागलेला, काळा पडलेला, कोंब फुटलेला, वास येणारा मगज बाजूस काढावा व तो गुरांसहि घालूं नये. चांगल्या मगजाच्या पातळ चकत्या करून त्या उकळत्या पाण्यांत कांहीं मिनिटें टाकाव्या, नंतर गार पाण्यांत भिजवून दर कांहीं तासांनीं पाणी बदलावें. पाण्याचा रंग व तुरटपणा जवळजवळ नाहींसा होईपर्यंत हें करावें; ही परीक्षा जिभेनें होते, घड्याळानें नव्हे. भिजवण सावलींत व थंड जागीं ठेवावें, आणि पाणी बदलण्यास आळस करूं नये, नाहीं तर तेथेंच आंबवण सुरू होतें. शेवटीं चकत्या ड्रायरमध्यें साठ अंशांच्या सुमारास वाळवाव्या. चकती वांकवितांच कटकन मोडली पाहिजे. लवली तर ती वाळली नाहीं. अजमासें सांगावयाचें तर ओलावा शेंकडा दहा भागांच्या खालीं आणावा. मग दळून, चाळून, हवाबंद पिशव्यांत भरावें.

ड्रायरशिवाय हें काम अंगणांत कां करूं नये, असें कोणी विचारील. चैत्रांत करतां येईल. परंतु कारखान्याचा मोठा माल येतो तो हंगामाच्या अखेरीस, आणि तेव्हां वळवाची सर केव्हां येईल याचा भरंवसा नसतो. एका संध्याकाळच्या पावसानें भिजलेलें वाळवण दुसऱ्या दिवशीं वरून कोरडें दिसतें, आंत मात्र बुरशीचें बीज पडून गेलेलें असतें. जेथें ड्रायर नाहीं तेथें मगजाचें पीठ करण्याच्या भानगडींत पडूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आतां हिशेब. एक हजार किलो आंब्यांतून दीडशें किलोच्या जवळपास बाठे निघतात असें धरूं. जातीप्रमाणें यांत बराच फरक पडतो, तरी हिशेबास हा आंकडा चालेल. त्यांत ओला मगज निम्मा, म्हणजे पंचाहत्तर किलो. त्यांतील पाणी गेलें कीं चाळीस किलो. निवड, भिजवण व चाळण यांतील घट वजा जातां पस्तीस किलो पीठ हातीं लागलें तर काम चांगलें झालें असें समजावें. दहा टन आंब्याच्या दिवशीं ही गोष्ट साडेतीनशें किलोंवर जाते. ज्याच्याकडे दिवसाला पांचशें किलो आंबा येतो, अशा घरगुती रसवाल्यानें मात्र यांत पडूं नये. मजुरीच भागणार नाहीं.

स्निग्धांशाविषयीं एक सूचना विशेष आहे, कारण चॉकोलेटचें नांव ऐकून कित्येकांस घाणी घालण्याची उमेद येते. वरील चाळीस किलो सुक्या मगजांत सुमारें चार किलो स्निग्धांश. तिळांत निम्मा किंवा भुईमुगाच्या दाण्यांत जवळजवळ निम्मा तेलाचा अंश असतो, म्हणून घाणीस तेल सुटतें. आणि तरीहि पेंडींत शेंकडा दहा भागांच्या आसपास तेल राहूनच जातें. ज्या मालांत मुळांतच दहा भाग आहेत त्यांतून घाणीस काय मिळणार? हें काम द्रावणानें तेल काढणाऱ्या मोठ्या कारखान्यांचें आहे. सोसायटीनें करावयाचें तें इतकेंच, कीं मगज उत्तम वाळवून, निवडून, पोत्यांत भरून अशा कारखान्यास विकावा. त्या विक्रीस भिजवण्याची गरज नाहीं, म्हणून श्रमहि कमी. पीठ करावें कीं मगज विकावा, हें त्या वर्षीं मिळणाऱ्या भावावर ठरवावें. कोकमाच्या बीचें मात्र याच्या उलट आहे. तिच्यांत स्निग्धांश भरपूर असल्यामुळें घरच्या भांड्यांतहि तो सुटतो, व तेथें सोसायटीस स्वतः माल तयार करून विकण्यास पुष्कळ वाव आहे.

पिठाचा उपयोग गहू, नाचणी किंवा तांदूळ यांच्या पिठांत मिसळूनच करावा. त्यास गव्हासारखा चिवटपणा नाहीं, म्हणून नुसत्याची पोळी लाटली जात नाहीं व पाव फुगत नाहीं. दहा भागांत एक भाग, इतक्यापासून आरंभ करावा, आणि खाणाऱ्यांच्या जिभेस विचारून पुढें जावें.

साल

सालीचें काम बाठ्याहून सोपें, पण अधिक घाईचें आहे. ताज्या सालींत पाण्याचा अंश पाऊण हिश्शाच्या आसपास असतो, शिवाय साखर; त्यामुळें ती सकाळची दुपारीं वास मारूं लागते. सुकलेल्या सालीच्या भुकटींत निम्म्याच्या जवळपास किंवा त्याहूनहि अधिक तंतुमय भाग निघतो. जॅम ज्यामुळें बसतो तें पेक्टिन सालींत चांगलें असतें, आणि रसास जो केशरी रंग आहे त्याचीं द्रव्यें सालींतहि असतात. म्हैसूर येथें १९५० सालीं उघडलेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेंत या भुकटीचीं बिस्किटें करून पाहिलीं गेलीं. तो प्रयोग २००८ सालीं प्रसिद्ध झाला. पिठांत शेंकडा दहा भागांपर्यंत भुकटी घातली असतां बिस्किटें खाणाऱ्यांस रुचलीं व त्यांतील तंतूंचें प्रमाण पुष्कळ वाढलें. त्यापुढें मात्र बिस्किट कठीण होतें व कडवटपणा येतो. कोणत्याहि बेकरीवाल्याशीं बोलणें करतांना हा दहाचा आंकडा मनांत ठेवावा.

साल धुऊन लगेच उकळत्या पाण्यांत एक-दोन मिनिटें टाकावी, म्हणजे ती काळवंडत नाहीं. मग निथळून ड्रायरमध्यें घालावी. बाकी सर्व मगजाप्रमाणेंच.

दोन गोष्टी येथें बागाईतदाराच्या स्वतःच्या हातांतल्या आहेत. पहिली फवारणी. औषध फळावर बसतें म्हणजे सालीवर बसतें. रस खाणारा साल फेंकून देतो, म्हणून आजवर त्याचें निभावलें. साल दळून खाऊं घालावयाची म्हटली कीं फवारणी व तोडणी यांमधील दिवस पाळल्याची खात्री पाहिजे. वाटेल त्या बागेंतील आंबा एकत्र येतो अशा कारखान्याची साल अन्नासाठीं घेऊं नये. सोसायटीचें बळ येथेंच आहे : तिचे सभासद तिच्या ओळखीचे असतात, कोणीं काय व केव्हां मारलें याची वही ती ठेवूं शकते, आणि शंका आल्यास तेवढा माल बाजूस काढूं शकते. दुसरी गोष्ट चिकाची. आंबा, काजू व बिब्बा हीं एकाच कुळांतलीं झाडें आहेत, आणि आंब्याचा चीक अंगावर उततो हें प्रत्येक तोडणीवाल्यास ठाऊक आहे. सालींतहि त्या जातीचें द्रव्य थोडें असतें व कांहीं माणसांस तें बाधतें. देंठ राखून तोडणी करावी, चीक सालीवर ओघळूं देऊं नये, आणि पाकिटावर आंब्याची साल असा उल्लेख स्वच्छ अक्षरांत छापावा, म्हणजे ज्यास बाधतें तो टाळील.

आणखी एक विचार मांडणें आवश्यक वाटतें. तंतुमय अन्न चांगलें, असें हल्लीं सर्वत्र सांगतात, व शहरांत बसून मैदा खाणाऱ्यास तें खरेंहि आहे. परंतु ज्या मुलाचें पोट भाकरी व भातानेंच भरतें, दूध-डाळ ज्याच्या वाट्यास थोडी येते, त्यास आणखी चोथा देणें म्हणजे पोषण नव्हे. त्याच्या ताटांत सालीची भुकटी घालून त्यास पौष्टिक आहार म्हणूं नये. सालीचीं बिस्किटें खाऊन ज्यांचें हित होईल त्यांच्याकडे पैसे आहेत. त्यांस तीं योग्य भावानें विकावीं.

काजूचें बोंड

काजूच्या व्यवहारांत आपण बी विकतों आणि फळ टाकतों. बीच्या पांच ते दहा पट वजनाचें बोंड झाडाखालीं कुजतें. गोव्यांत त्याची हुर्राक व फेणी होते, फेणीस २००९ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें; आपल्याकडे दारूखेरीज त्याचा उपयोग नाहीं अशी समजूत झाली आहे. वस्तुतः बोंडाच्या रसांत क जीवनसत्त्व संत्र्याच्या चौपट-पांचपट असतें. अडचण पुन्हा तुरटपणाचीच : रस पितांच घसा धरतो.

त्यावर केरळांत साबुदाण्याचा सोपा उपाय रूढ झाला आहे. एक लिटर रसास पांच ग्रॅम साबुदाणा दळून थोड्या पाण्यांत शिजवावा, निवाल्यावर रसांत ढवळून मिसळावा, व रस सुमारें बारा तास न हलवितां ठेवावा. पेजेबरोबर तुरट द्रव्य तळाशीं बसतें. वरचा निवळ रस हलकेच ओतून घ्यावा. त्यांत साखर व लिंबाचें सत्त्व घालून सरबताचा पाक करतां येतो. पिळून उरलेला चोथा वाळवून दळला तर तोहि सालीच्या भुकटीप्रमाणें थोड्या प्रमाणांत पिठांत चालतो. बोंड त्याच दिवशीं पडलेलें, न फुटलेलें व माती न लागलेलें घ्यावें. बी पिरगळून काढतांना तिचें टरफल चेपूं देऊं नये, कारण त्यांतील तेल कातडीस भाजतें व रसांत उतरलें तर सगळें भांडें फुकट जातें. वेंगुर्ल्याचें फळ संशोधन केंद्र १९५७ पासून व दापोलीचें कृषि विद्यापीठ १९७२ पासून कोकणांत काम करीत आहे. ज्या सोसायटीस हें काम करावयाचें असेल तिनें आपलीं चार माणसें तेथें पाठवून कृति डोळ्यांनीं पाहून यावी. छापील कृतीनें हात बसत नाहीं.

सोसायटीनें काय करावें

आमच्या मतें क्रम असा असावा. कोकमाची बी पहिली, कारण तीस घरचें ज्ञान आहे, यंत्र थोडें लागतें, व बाहेर मागणी आहे. काजूचें बोंड दुसरें, कारण तें पावसाच्या पुष्कळ आधीं येतें. आंब्याची साल व मगज त्यानंतर. आणि तेंहि ड्रायर उभा राहिल्यावर. एकच ड्रायर या चारहि मालांस चालतो. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत तो क्रमानें वापरला, व पुढें हळद-आल्यास लावला, तर त्यावरील व्याज पेलतें. नुसत्या आंब्याच्या दीड महिन्यासाठीं ड्रायर घेणाऱ्याचें दिवाळें निघेल.

कारखाना दुसऱ्याचा असल्यास करार आधीं करावा. साल व बाठे यंत्राखालींच वेगवेगळ्या क्रेटमध्यें पडावे, सडकें फळ यंत्रापूर्वींच निवडलें जावें, व दर दोन-तीन तासांनीं माल उचलला जावा, या तीन गोष्टी करारांत लिहून घ्याव्या. हल्लीं कारखानदार ढीग उचलण्यास उलट भाडें देतो, म्हणून तो आरंभीं माल फुकट देईल. दोन वर्षांनीं तो भाव मागेल. तेव्हां करार किमान पांच वर्षांचा असावा.

माणसाच्या खाण्यास तयार केलेला माल विकावयाचा तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याखालील परवाना लागतो. तो काढावाच, शिवाय प्रत्येक घाणा निराळा ठेवून त्यावर तारीख व बागेचा आंकडा घालावा, आणि मगजाच्या पिठाचा नमुना बुरशीच्या विषासाठीं व सालीच्या भुकटीचा नमुना औषधांच्या अंशासाठीं मान्यताप्राप्त प्रयोगशाळेंतून तपासून घ्यावा. तपासणीचा खर्च जड वाटेल. तो मालाच्या किंमतींत धरून भाव सुटत नसेल, तर तो माल अन्न म्हणून विकूं नये. ताजी स्वच्छ साल कडब्याच्या कुट्टीबरोबर गुरांस घालावी किंवा मुरघासांत दाबावी, आणि जें उरेल तें गोबरगॅसच्या टाकींत व खतांत जावें. मगजाच्या भिजवणीचें तुरट पाणी व बोंडांच्या रसाचा गाळ मात्र विहिरीच्या किंवा पऱ्ह्याच्या जवळ सोडूं नये, त्यासाठीं निराळा शोषखड्डा खणावा.

ड्रायरची चांचणी गुढीपाडव्यापूर्वीं व्हावी. काजूचीं बोंडें तोंवर पडूं लागलेलीं असतात; पहिली भट्टी त्यांच्या चोथ्यावरच लावून पाहावी, म्हणजे आंब्याचा माल येईपर्यंत माणसांचा हात बसेल व जाळण किती लागतें तें कळेल.